घाईत कपडे चढवताना लागणारं इंग्रजी

खाली गाडी येऊन थांबलेली असते, फोन वाजतो आणि आपल्याला एवढंच सांगायचं असतं की 'थांब, बूट घालतोय.' तोंडातून बाहेर पडतं: 'वेट, आय ॲम वेअरिंग माय शूज.' पलीकडच्याला ऐकू येतं ते असं: थांब, माझ्या पायात बूट आहेत. आहेत ना? मग निघ की!

मी हे वाक्य बरीच वर्षं बिनदिक्कत वापरलं. कुणी दुरुस्त केलं नाही, कारण संदर्भावरून अर्थ लागतो आणि घाईतल्या माणसाचं व्याकरण कुणी तपासत बसत नाही. एकदा मात्र फोनवरचा माणूस खरोखरच गोंधळून 'ओके, सो?' म्हणाला, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

हा लेख अशांसाठी आहे ज्यांना शर्ट, बूट, जॅकेट हे शब्द येतात, पण ते अंगावर चढवायची, लावायची, उतरवायची क्रियापदं ऐनवेळी जिभेवर येत नाहीत. ही क्रियापदं बहुतेक जोडीनं येतात: एक साधं, रोजचं क्रियापद आणि त्याच्या शेपटीला 'ऑन', 'ऑफ', 'अप', 'इन' असा एखादा चिमुकला शब्द. व्याकरणात त्यांना फ्रेझल व्हर्ब म्हणतात. नाव विसरलात तरी बिघडत नाही, शेपटी विसरू नका.

पायरी 1: घालणं वेगळं, घातलेलं असणं वेगळं

मूळ भानगड आपल्या 'घालणे'मध्ये आहे. मराठीत 'घालतोय' म्हटलं की काम चालू आहे आणि 'घातलाय' म्हटलं की कपडा अंगावर आहे. धातू एकच, शेवट बदलला की भागलं. इंग्रजीत त्या दोन गोष्टींना दोन वेगळी क्रियापदं आहेत. कपडा हातातून अंगावर जातो तेवढ्या काही सेकंदांचं काम म्हणजे 'पुट ऑन'. त्यानंतर तो दिवसभर अंगावर राहतो ते 'वेअर'.

म्हणून 'आय ॲम पुटिंग ऑन माय शूज' म्हणजे घालतोय, दोन मिनिटं थांब. 'आय ॲम वेअरिंग माय ब्लॅक शूज' म्हणजे काळे बूट घातलेत, पायात आहेत. स्वतःला विचारायचा प्रश्न एकच: मराठीत मी 'घालतोय' म्हणेन की 'घातलाय'? 'घालतोय' असेल तर 'पुट ऑन', 'घातलाय' असेल तर 'वेअरिंग'.

'वेअर'च्या जोडीला आणखी एक बोलीतलं रूप आहे, 'हॅव ऑन'. 'शी हॅड अ रेड स्कार्फ ऑन' म्हणजे तिच्या गळ्यात लाल स्कार्फ होता. याला 'इंग' लावायचा नाही. 'आय ॲम हॅविंग अ ब्लू शर्ट ऑन' हे आपल्या तोंडी सहज येतं, कारण 'घातलेला आहे'मधला 'आहे' आपल्याला गप्प बसू देत नाही. बरोबर वाक्य साधं आहे: 'आय हॅव अ ब्लू शर्ट ऑन.'

एका बाबतीत मात्र इंग्रजी आपल्यावर मेहेरबान आहे. मराठीत शर्ट घालतात, साडी नेसतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात, चष्मा लावतात, बांगड्या भरतात, गजरा माळतात. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला यात घाम फुटतो. इंग्रजीत या सगळ्याला एकटं 'पुट ऑन' पुरतं. चष्मा, घड्याळ, अंगठी, टोपी, मोजे, अत्तर, क्रीम, लिपस्टिक, अगदी गाडीतला सीट बेल्टसुद्धा. तेव्हा पहिल्या आठवड्यात बाकी काहीच जमलं नाही तरी 'पुट ऑन' आणि त्याच्या उलट 'टेक ऑफ' या दोन जोड्यांवर तुमचं सगळं कपाट चालेल.

'पुट'चं भूतकाळी रूपही 'पुट'च राहतं, बदलत नाही. 'आय पुट ऑन माय कोट ॲंड लेफ्ट' म्हणजे कोट घातला आणि निघालो. 'पुटेड' असा शब्द नाही.

पायरी 2: 'इट' आणि 'देम' मध्येच बसतात

आता या जोडीच्या मध्ये फट असते हे बघा. 'पुट ऑन युवर जॅकेट' आणि 'पुट युवर जॅकेट ऑन' ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, अर्थात काडीचा फरक नाही. वस्तूचं नाव शेपटीनंतर घ्या किंवा दोन शब्दांच्या मध्ये सरकवा.

पण नावाच्या जागी 'तो', 'ती', 'ते' असं सर्वनाम आलं की निवड संपली. ते मध्येच बसतं. 'पुट इट ऑन' बरोबर, 'पुट ऑन इट' चूक. 'टेक देम ऑफ' बरोबर, 'टेक ऑफ देम' चूक. नवशिका चटकन ओळखू येतो तो इथे. शब्द सगळे माहीत असतात, पण 'इट' शेवटी लोंबकळत राहतो.

याच्या उलट, वस्तूचं वर्णन लांबलचक असेल तर ते मध्ये कोंबू नका. 'मागच्या वर्षी ताईनं दिलेलं ते निळं जॅकेट घाल' असं म्हणायचं असेल तर 'पुट ऑन' आधी एकत्र म्हणून टाका आणि मग सावकाश वर्णन करा: 'पुट ऑन द ब्लू जॅकेट युवर सिस्टर गेव्ह यू लास्ट इयर.' 'पुट' आणि 'ऑन' यांच्यामध्ये नऊ शब्द आले की ऐकणारा 'ऑन'ची वाट बघत ताटकळतो.

'इट' की 'देम' हाही एक प्रश्न असतोच. आपण 'पँट' म्हणतो, एक पँट. इंग्रजीत कमरेखालचे दोन पायांचे कपडे अनेकवचनी आहेत: ट्राउझर्स, जीन्स, शॉर्ट्स, पायजमाज. चष्मासुद्धा, 'ग्लासेस'. म्हणून जीन्स एकच असली तरी 'पुट देम ऑन'. आणि जाता जाता एक सूचना: ब्रिटिश इंग्रजीत 'पँट्स' म्हणजे आतले कपडे. तिकडच्या माणसाला 'आय लाइक युवर पँट्स' असं कौतुकानं म्हणण्याआधी 'ट्राउझर्स' हा शब्द आठवा.

बोलताना हे शब्द तुटक येत नाहीत. 'पुट इट ऑन' कानावर 'पुटिटॉन' असं पडतं, 'टेक इट ऑफ' 'टेकिटॉफ' असं. जोर शेपटीवर असतो. मध्ये कपड्याचं नाव आलं तर जोर त्या नावावर जातो: 'पुट युवर कोट ऑन' यात 'कोट' ठळक. ऐकताना शब्द वेगळे सापडत नसतील तर दोष तुमच्या कानाचा नाही, ते मुळात चिकटूनच येतात.

पायरी 3: घाई पहिल्या शब्दात घाला

इथून खरी मजा सुरू होते. मराठीत घाई कशी दाखवतो ते आठवा. 'शर्ट घाल' हे साधं. 'शर्ट घालून टाक' म्हटलं की त्यात 'आटप लवकर' आलं. 'घालून बघ' म्हणजे होतोय का ते तपास. 'घालून ठेव' म्हणजे काढू नकोस. पहिला शब्द तोच राहतो आणि रंग दुसरा शब्द भरतो.

इंग्रजीत याच्या नेमकं उलट आहे. तिथे दुसरा शब्द, म्हणजे शेपटी, ठाम राहतो. 'ऑन' म्हणजे अंगावर आलं. कसं आलं, किती घाईत आलं, सहज आलं की ओढाताण करून, ते पहिला शब्द सांगतो. म्हणजे 'पुट ऑन' एकदा पक्कं झालं की नवं काही पाठ करायचं नाही, फक्त 'पुट' काढून दुसरं क्रियापद बसवायचं. वर दिलेल्या तिन्ही मराठी वाक्यांना अशा जोड्या तयार आहेत: 'घालून टाक' म्हणजे 'थ्रो इट ऑन', 'घालून बघ' म्हणजे 'ट्राय इट ऑन', 'घालून ठेव' म्हणजे 'कीप इट ऑन'.

यातलं घाईचं खरं क्रियापद 'थ्रो ऑन'. 'थ्रो' म्हणजे फेकणे, आणि चित्र तसंच आहे: हाताला लागलं ते अंगावर टाकलं, रंगसंगती वगैरे नंतर बघू. 'आय विल जस्ट थ्रो समथिंग ऑन ॲंड कम' म्हणजे काहीतरी अडकवतो अंगात आणि आलोच. आपलं 'अडकवणे' याच्या सगळ्यात जवळ जातं. भूतकाळ 'थ्रू ऑन': 'शी थ्रू ऑन अ जॅकेट ॲंड रॅन.' ध्यानात ठेवायची गोष्ट अशी की यात निष्काळजीपणाची छटा आहे. स्वतःबद्दल म्हटलं तर मोकळेपणा वाटतो. दुसऱ्याला 'यू जस्ट थ्रू धिस ऑन, राइट?' असं विचारलंत तर त्याला वाटेल आपण गबाळे दिसतोय.

'स्लिप ऑन'मध्येही वेग आहे, पण तो सहजपणाचा. नाडी नाही, बटण नाही, पाय सरकवला की झालं. म्हणूनच नाड्या नसलेल्या बुटांना 'स्लिप-ऑन्स' असं नावच पडलं आहे. सपाता, अंगठी, ढगळ कार्डिगन यांना हे क्रियापद शोभतं. मात्र 'स्लिप' म्हणजे घसरणेही. 'आय स्लिप्ट ऑन माय शूज' या वाक्याचे दोन अर्थ होतात: बूट पायात सरकवले, किंवा वाटेत पडलेल्या बुटांवरून घसरलो. घोटाळा टाळायचा तर पायरी 2 मधली फट वापरा: 'आय स्लिप्ट माय शूज ऑन.' आता कुणी घसरत नाही.

'पुल ऑन' म्हणजे ओढून चढवणे. मोजे, उंच बूट, हातमोजे, डोक्यातून घालायचा स्वेटर, घट्ट जीन्स. जिथे कापड धरून खेचावं लागतं तिथे 'पुल'. मोज्यांना 'स्लिप ऑन' म्हटलं तर चूक नाही, पण ओले पाय असताना मोजे घालून बघा, मग 'पुल' का ते कळेल.

आणि 'गेट ऑन'. हे झटापटीचं क्रियापद आहे. बूट पायात जातच नाही, अंगठी बोटात शिरत नाही: 'आय कान्ट गेट माय बूट्स ऑन.' इथे 'कान्ट पुट ऑन' म्हणता येतं, पण 'गेट'मध्ये धडपड दिसते. उलट दिशेलाही तसंच, 'आय कान्ट गेट धिस रिंग ऑफ.'

आता 'ऑन'ऐवजी 'इनटू'. इथे चित्र बदलतं. 'ऑन'मध्ये कपडा तुमच्यावर येतो, 'इनटू'मध्ये तुम्ही कपड्यात शिरता. 'गेट इनटू युवर युनिफॉर्म' म्हणजे गणवेश चढव. 'जंप इनटू युवर क्लोद्ज' म्हणजे उडी मारल्यासारखे पटकन कपडे घाल. 'स्क्वीझ इनटू' म्हणजे श्वास रोखून, पोट आत घेऊन कसंबसं शिरणे. (वजन वाढणे यालाही 'पुट ऑन वेट' म्हणतात. वजन 'पुट ऑन' केलं की जीन्समध्ये 'स्क्वीझ इनटू' करावं लागतं, एवढं एका दमात लक्षात राहील.) 'चेंज इनटू' म्हणजे अंगावरचं बदलून दुसरं घालणे: 'गिव्ह मी टू मिनिट्स, आय विल चेंज इनटू समथिंग ड्राय.' 'स्लिप इनटू'ही आहे, पण 'समथिंग मोअर कम्फर्टेबल' हे शब्द त्याला जोडले की त्याला लाडीगोडीचा वास येतो. सहकाऱ्यासमोर 'चेंज इनटू'वर थांबलेलं बरं.

'इनटू'वाल्या जोड्यांत फट नसते, हे मात्र नीट बघून ठेवा. 'गेट इनटू इट', 'चेंज इनटू देम'; सर्वनाम शेवटी. 'चेंज देम इनटू' म्हणालात तर 'त्यांचं रूपांतर कशात तरी कर' असं अर्धवट जादूटोण्याचं वाक्य होतं. 'ऑन', 'ऑफ', 'अप', 'इन' यांच्यात 'इट' मध्ये, 'इनटू' आणि 'आउट ऑफ' यांच्यात 'इट' शेवटी. अख्ख्या लेखात पाठ करण्यासारखी ही एकच ओळ आहे.

पायरी 4: बटणं, चेन, नाड्या

कपडा अंगात गेला, पण काम संपलं नाही. आणि इथे आपलं मराठी-इंग्रजी मिश्रण आपल्याला फसवतं.

'चेन लाव' हे वाक्य घ्या. आपण ज्याला चेन म्हणतो तिला इंग्रजीत 'झिप' किंवा 'झिपर' म्हणतात. 'चेन' म्हणजे गळ्यातली साखळी. 'क्लोज युवर चेन' म्हटलं तर समोरचा गळा चाचपेल, आणि जिकडे लक्ष द्यायला हवं तिकडे लक्ष जाणार नाही. जॅकेटची चेन लावणे म्हणजे 'झिप अप': 'झिप अप युवर जॅकेट', 'झिप इट अप'. पँटची चेन उघडी राहिली असेल तर हळूच सांगायचं वाक्य: 'युवर फ्लाय इज अनडन.' 'फ्लाय' म्हणजे इथे माशी नव्हे.

'बटण लाव'चं 'पुट द बटन' होत नाही. त्याला 'बटन अप' आहे आणि त्याहून उपयोगी 'डू अप' आहे. 'डू अप' ही जणू गुरुकिल्ली: बटणं, चेन, नाड्या, पट्ट्याचं बक्कल, सगळ्याला चालते. 'डू अप युवर बटन्स', 'डू युवर कोट अप', 'कॅन यू डू धिस अप फॉर मी?' ब्रिटिश बोलण्यात ती फार ऐकू येते. अमेरिकेत माणसं 'बटन अप', 'झिप अप' असं नेमकं नाव घेण्याकडे झुकतात, पण समजते सगळीकडे. उलट करायचं असेल तर 'अनडू'. 'बटण उघड'साठी 'ओपन युवर बटन' न म्हणता 'अनडू युवर बटन'. बुटांच्या नाड्यांना 'डू अप'शिवाय 'लेस अप'ही आहे, आणि नाडी सुटून लोंबत असेल तर 'युवर लेस हॅज कम अनडन'.

'शर्ट इन कर.' हे तर आपण इंग्रजीच समजून बोलतो. इंग्रजी कानाला 'इन युवर शर्ट' म्हणजे 'तुझ्या शर्टच्या आत' एवढंच ऐकू येतं, आत काय ते कळत नाही. क्रियापद राहिलं ना! ते आहे 'टक', म्हणजे आपलं खोचणे. 'टक इन युवर शर्ट', 'टक इट इन'. गंमत म्हणजे मराठीत 'खोचणे' हा नेमका शब्द असताना आपण अर्धं इंग्रजी उसनं आणलं आणि आणताना क्रियापदच वाटेत सांडलं. ब्रिटनमध्ये जेवणाच्या टेबलावर कुणी 'टक इन!' म्हणालं तर मात्र शर्टकडे हात नेऊ नका. तिथे त्याचा अर्थ 'करा सुरुवात, हाणा' असा होतो.

बाह्या वर दुमडणे म्हणजे 'रोल अप', खाली सोडणे 'रोल डाउन'. कॉलर उभी करणे 'टर्न अप'. थंडीत भरपूर कपडे घालून निघणे ब्रिटिशांकडे 'रॅप अप', अमेरिकनांकडे 'बंडल अप'. पुढे कपड्याचं नाव घ्यायची गरज नाही, 'इट्स कोल्ड, रॅप अप!' एवढं पुरतं.

घाईत एक गोष्ट हमखास होते: कपडा उलटा चढतो. आतली बाजू बाहेर आली असेल तर 'इनसाइड आउट', पुढची बाजू मागे गेली असेल तर 'बॅक टू फ्रंट', अमेरिकेत 'बॅकवर्ड्स'. 'यू हॅव गॉट युवर स्वेटर ऑन इनसाइड आउट.' आपण दोन्हीला 'उलटा' म्हणून मोकळे होतो, इंग्रजीत ते दोन वेगळे अपराध आहेत. बटणं एक सोडून एक लागली असतील तर 'युवर बटन्स आर डन अप राँग'.

पायरी 5: उतरवणं

'पुट ऑन'च्या उलट 'पुट ऑफ' असणार, असा अंदाज कुणीही बांधेल. तो चूक आहे. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे: मीटिंग, अभ्यास, दवाखान्यात जाणं. कपडे उतरवायला 'टेक ऑफ'. 'पुट ऑफ युवर शूज' म्हणजे बूट पुढच्या आठवड्यावर ढकला असं काहीसं होईल. 'रिमूव्ह' चूक नाही, पण ते पाटीवरचं इंग्रजी आहे. तपासणीच्या रांगेत 'प्लीज रिमूव्ह युवर बेल्ट' ठीक. घरी आलेल्या मित्राला 'टेक युवर जॅकेट ऑफ, सिट डाउन' म्हणतात. विमान उडतं त्यालाही 'टेक ऑफ'च म्हणतात. फरक इतकाच की विमानाच्या वाक्यात उतरवायला काही नसतं.

इथेही तीच युक्ती, 'ऑफ' ठेवा आणि पहिला शब्द बदला. हात न लावता, पाय झटकून बूट उडवणे 'किक ऑफ'. अंगाला चिकटलेला ओला टीशर्ट सोलल्यासारखा काढणे 'पील ऑफ'. सहज सरकवून काढणे 'स्लिप ऑफ'. 'स्ट्रिप ऑफ'मध्ये सगळेच कपडे उतरवल्याचा भाव आहे, तेव्हा जपून. आणि भिजलेल्या कपड्यांतून बाहेर पडायचं असेल तर 'इनटू'चा जुळा भाऊ 'आउट ऑफ': 'गेट आउट ऑफ दोज वेट क्लोद्ज.'

वर्तमानपत्रात 'डॉन' हा शब्द दिसेल, 'डॉन्ड अ मास्क' असा. गुन्हेगारी जगाशी त्याचा संबंध नाही. जुन्या इंग्रजीतलं 'डू ऑन' घासून घासून 'डॉन' झालं, 'डू ऑफ'चं 'डॉफ'. म्हणजे हीसुद्धा एके काळची शेपटीवाली क्रियापदंच, शेपटी अंगात मुरलेली. रुग्णालयांत संरक्षक पोशाख घालण्या-काढण्याला आजही 'डॉनिंग' आणि 'डॉफिंग' म्हणतात. वाचताना ओळखा, बोलताना नको. घाईत 'आय ॲम डॉनिंग माय सॉक्स' म्हणणारा माणूस फार विनोदी वाटतो.

एक सापळा राहिला: 'ड्रेस अप'

'मी सात वाजता तयार झालो' याचं 'आय ड्रेस्ड अप ॲट सेव्हन' करू नका. 'ड्रेस अप' म्हणजे नटणे, ठेवणीतले कपडे काढणे, किंवा वेशभूषा करणे. रोजचे कपडे घालणे म्हणजे 'गेट ड्रेस्ड': 'आय गॉट ड्रेस्ड ॲट सेव्हन.' कपडे बदलणे 'गेट चेंज्ड'. 'अप'नं सजावट येते, तर 'ड्रेस डाउन' म्हणजे मुद्दाम साधे कपडे घालणे. पण 'अ ड्रेसिंग-डाउन' असं नाम ऐकलंत तर कपड्यांकडे बघू नका, कुणाची तरी खरडपट्टी निघाली आहे.

आता हे सगळं कामाला कसं येतं ते बघा. दोन भावंडं, बाहेर पडायला पाच मिनिटं.

'आर यू रेडी?' – आवरलं का?
'नो! आय ॲम स्टिल गेटिंग ड्रेस्ड.' – नाही! कपडेच घालतोय अजून.
'जस्ट थ्रो ऑन अ टीशर्ट ॲंड कम.' – टीशर्ट अडकव आणि ये.
'आय हॅव अ शर्ट ऑन. आय कान्ट डू द टॉप बटन अप.' – शर्ट घातलाय, वरचं बटण लागत नाहीये.
'लीव्ह इट अनडन. टक इट इन ॲंड पुट युवर शूज ऑन.' – राहू दे उघडं. शर्ट खोच आणि बूट घाल.
'आय ॲम पुटिंग देम ऑन!' – घालतोय ना!
'दोज आर माइन. टेक देम ऑफ.' – ते माझे आहेत. काढ.

पाचव्या ओळीतलं 'टक इट इन', सहाव्यातलं 'देम ऑन', सातव्यातलं 'देम ऑफ' पुन्हा वाचा. सर्वनाम प्रत्येक वेळी मध्ये आहे. आणि दुसऱ्या ओळीत 'गेटिंग ड्रेस्ड', चौथ्या ओळीत 'हॅव ऑन': एकात काम चालू, दुसऱ्यात काम झालेलं.

सराव: आरशासमोर, मोठ्यानं

वहीत यादी करून ही क्रियापदं पाठ होत नाहीत. मी करून बघितलं आहे. यादीत 'पुट ऑन'च्या शेजारी 'पुट ऑफ', 'पुट अप', 'पुट आउट' येतात आणि तासाभरात सगळ्यांचा काला होतो. त्यापेक्षा अंगाला शिकू द्या. सकाळी तयार होताना जे करताय तेच बोला, करत असताना. मोजा ओढताना 'आय ॲम पुलिंग ऑन माय सॉक्स', लगेच सर्वनाम घालून 'आय ॲम पुलिंग देम ऑन'. काम संपलं की रूप बदला, 'नाऊ आय हॅव देम ऑन'. एका कपड्याला तीन वाक्यं. पाच कपडे म्हणजे पंधरा वाक्यं, आणि वेळ वेगळा द्यावा लागत नाही.

पहिला आठवडा फक्त 'पुट' आणि 'टेक' वापरा. दुसऱ्या आठवड्यात 'डू अप', 'झिप अप', 'टक इन' जोडा. घाईची क्रियापदं तिसऱ्या आठवड्यात, आणि तीही खऱ्या घाईच्या दिवशी. उशीर झालेला असताना तोंडून आलेलं 'थ्रो ऑन' शांतपणे घोकलेल्या दहांपेक्षा पक्कं बसतं. घरात कुणी ऐकायला असेल तर त्याला हुकूम सोडायला सांगा, 'टेक इट ऑफ', 'पुट इट बॅक ऑन', 'रोल देम अप', आणि न बोलता ते करून दाखवा. लहान मुलं हे काम आनंदानं करतात. तुम्हाला आठ वेळा टोपी घालायला आणि काढायला लावतात.

संध्याकाळी घरी आल्यावर हाच क्रम उलटा. बूट 'किक ऑफ', मोजे 'पील ऑफ', ऑफिसच्या कपड्यांतून 'आउट ऑफ', घरच्या कपड्यांत 'इनटू'. शर्ट खुर्चीवर न टाकता हँगरला लावलात तर त्याचंही एक वाक्य मिळतं, 'आय हंग इट अप'. फोन ठेवून देण्यालाही 'हँग अप'च म्हणतात, पण तिथे 'इट' लागत नाही.